रिकामं उत्तर

"रिकामी ओळ लिहायचीच कशाला?" माज लॅपटॉपला म्हणाला.

"लिहायची. मी सोडणार नाही," लॅपटॉपमधून पूर्वी म्हणाली.

पूर्वी रोडपालीची, माज पनवेलच्या मोहल्ल्यातला. दोघं एकाच कंपनीत. रिक्षाने गेलं तर अर्ध्या तासाचं अंतर, पण भांडायचं इंटरनेटवरून. आज संध्याकाळपर्यंत फॉरमॅट ठरवून वर पाठवायचा होता आणि सकाळपासून गाडं एकाच ओळीवर अडलं होतं.

झुबेदा, माजची आई, समोर मेथी निवडत बसली होती. वडील कमरुद्दीन जमिनीवर टेबलफॅन खोलून बसले होते. मुलाने त्यांना दुरुस्तीचं दुकान बंद करायला लावलं होतं, हात मात्र बंद होत नव्हते.

"एवढं काय झालंय?" झुबेदाने विचारलं.

"अम्मी, तू मोबाईलवर एखाद्या साइटचं नाव टाकतेस ना, तेव्हा मोबाईल दुसऱ्या एका मशीनला विचारतो, ह्या नावाचा पत्ता काय? ते मशीन जवाब देतं. त्याला डीएनएस म्हणतात. हे सवाल-जवाब जेसॉनमध्ये, म्हणजे माणसालाही वाचता येईल असे, कसे लिहून ठेवायचे ते आम्ही ठरवतोय."

"मग भांडण कसलं?"

"कधी कधी जवाब येतो, पण रिकामा. मी म्हणतो, अशा वेळी 'उत्तर' ही ओळच गाळून टाकू. ही म्हणते, ओळ ठेवायची आणि पुढे रिकामा कंस काढायचा."

"काकी, तुम्हीच सांगा," पूर्वी म्हणाली. "ओळच नसली तर वाचणाऱ्याला वाटणार, उत्तर नोंदवायचं राहून गेलं. रिकामा कंस असला तर कळतं, उत्तर आलं होतं. त्यात काही नव्हतं, एवढंच."

कमरुद्दीन हसले. "असा रिकामा जवाब मला आला होता. सौदीत, दम्मामला होतो तेव्हा."

माजला पुढचं पाठ होतं. घरात आलेला एकही पाहुणा ही गोष्ट ऐकल्याशिवाय परत गेलेला नाही. ते दिवस कॅसेटचे होते. फोन परवडायचा नाही. पनवेल-उरणचं कुणी सौदीहून रजेवर आलं, की त्याच्या बॅगेत मिठाई आणि अत्तराबरोबर आठ-दहा घरांच्या कॅसेट असायच्या. झुबेदा दार लावून टेपरेकॉर्डरसमोर बसायची. कुणाचं लग्न ठरलं, पापलेट किती महागलं, घराच्या स्लॅबला किती लोखंड लागलं, सगळं सांगायची. शेवटी छोट्या माजला पुढे ओढून "अब्बा, सलाम" म्हणायला लावायची. माज लाजून टेपरेकॉर्डरलाच पापी द्यायचा. किती गोड दिवस होते ते, आणि किती लांबचे.

अशाच एका कॅसेटमध्ये कमरुद्दीननी विचारलं होतं, "शेठ आणखी पाच वर्षांचं काँट्रॅक्ट देतोय. थांबू की येऊ?" उलट टपाली नव्हे, उलट माणसाबरोबर कॅसेट आली. कोरी.

"रेकॉर्डिंगला दोन बटणं एकदम दाबायला लागतात," कमरुद्दीन पूर्वीला सांगू लागले. "आमच्या बेगमने दाबलं एकच. मी आपला कान लावून बसलोय. तेवढ्यात कंपनीच बंद पडली. नसीब. बॅग उचलली आणि आलो."

आल्यावर त्यांनी मिक्सर-पंख्यांचं दुकान टाकलं. पोटापुरतं मिळालं. ज्यांनी तिकडे आणखी दहा वर्षं काढली, त्यांचे मजले चढले. ह्यांच्या गच्चीवरच्या सळया तशाच गंजत उभ्या राहिल्या. लोक हळहळायचे, "कंपनीने दगा दिला हो." आणि बटणाच्या गोष्टीला हसायचे. झुबेदाही हसायची आणि चहा टाकायला आत जायची.

आज ती हसली नाही. आतही गेली नाही.

"दोन्ही बटणं दाबली होती मी," ती म्हणाली.

कमरुद्दीनचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

"या म्हणायचं, तर स्लॅब अर्धाच टाकलेला. तुमच्या अम्मीचं ऑपरेशन तोंडावर. थांबा म्हणायचं, तर जीभ उचलेना. कॅसेट फिरत होती आणि मी नुसती बसून राहिले. एक बाजू संपली, तशीच दिली पाठवून."

माजने स्क्रीनकडे पाहिलं. खोडलेली ओळ त्याने परत लिहिली, पुढे रिकामा कंस काढला. "ठेवू या, पूर्वी," तो हळूच म्हणाला आणि कॉल बंद केला. आईच्या चहाचा अर्थ इतक्या वर्षांत त्याला कळला नव्हता.

"इतकी वर्षं तुम्ही लोकांना हसवलंत," झुबेदा म्हणाली. "मला वाटायचं, माझं काही पोचलंच नाही तुमच्यापर्यंत."

कमरुद्दीननी फॅनची जाळी पुसायला घेतली.

"बटण राहिलेल्या कॅसेटमध्ये पंखा कुरकुरत नाही, झुबेदा," ते म्हणाले. "माज खोकत होता. तू ह्याला थोपटत होतीस. खोकला थांबला, तरी तुझं थोपटणं चालूच होतं."

झुबेदाच्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली. जे विचारायचं ती इतकी वर्षं टाळत आली होती, ते तिने आज विचारलं.

"आणि कंपनी बंद पडली नसती तर? आला असतात?"

"कंपनी अजून चालू आहे," कमरुद्दीन म्हणाले.