एवारिस्तोचा कोट

"कात्री ठेव आता बेबा, आणि इस्त्री तापव!" हायदे ओरडली. ओरडायचं काही कारण नव्हतं, बेबा हातभर अंतरावरच बसली होती. पण कार्निवलच्या दिवशी हायदेला हळू बोलता येत नसे.

साडेचार वाजून गेले होते. सहाला मातादेरोस वस्तीच्या रस्त्यावर तिथलं नाचपथक निघायचं होतं, आणि पथकाचा नियम कडक: अंगात जांभळा-पांढरा कोट नाही, तर रस्त्यावर पाऊल नाही. सगळ्या पोरांचे कोट या दोघींनीच शिवले होते, वस्तीच्या कपडेघरात. लोक घरात नको झालेलं इथे आणून टाकत. पडदे, चादरी, एखाद्या लग्नात एकदाच घातलेले झगे. धडकं असेल ते गरजूंना, विरलेलं गॅरेजवाल्यांना पुसायला, आणि चकाकणारं सगळं पथकाला. विकतचा एक तुकडाही वापरायचा नाही, हा हायदेचा हट्ट. त्या हट्टापायीच यंदा जांभळं साटीन चार कोट बाकी असताना संपलं आणि चार पोरं सकाळपासून दारात रडवेली होऊन बसली होती.

मग दुपारी एक पिशवी आली. म्हाताऱ्या एवारिस्तोची लेक मिर्ता टॅक्सी थांबवून ती दारात ठेवून गेली. आत जुन्या चादरी आणि चादरींखाली एवारिस्तोचा जांभळा कोट. पाठीवर मातीचं घरटं बांधणारा ओर्नेरो पक्षी, एकेक टिकली त्याने स्वतः टाचलेली. चाळीस वर्षं सगळ्या रस्त्याने पाहिलेला.

हायदेचे डोळे भरून आले. "बघ बेबा, म्हाताऱ्याने पोरांसाठी धाडला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं नाचला नाही बिचारा. स्वतः येऊन द्यायला लाजला असेल."

"एकदा विचारून घेऊ या का?"

"विचारलं तर आणखी लाजेल आणि परत नेईल. काप!"

उजव्या बाहीत लुआनाच्या दोन्ही बाह्या निघाल्या, डावीत ब्रूनोच्या. छातीचं कापड नावेलला पुरलं. कोटांचं बाकीचं अंग पांढऱ्या चादरींतून निघालं. पाठ मात्र कापायला हायदेचा हात धजेना. ती अख्खीच्या अख्खी धाकट्या मिलाग्रोसच्या कोटाला लागली. पक्षी तिच्या मानेपासून पार कमरेखाली पोचला. चौघांचे कोट अंगावर चढले आणि कपडेघरात असा धुडगूस सुरू झाला की बेबाला इस्त्री उचलून उभं राहावं लागलं.

तेवढ्यात दारात एवारिस्तो आला. गुळगुळीत दाढी, पांढरे हातमोजे, पांढरे बूट, डोक्यावर उंच टोपी. हातात नेहमीची काठी नव्हती.

"हायदे, माझा कोट चुकून इकडे आलाय बघ. लेकीने घर आवरलं न् मला न विचारता पिशव्या भरल्या. आण लवकर, आज मी नाचणार!"

हायदेने कात्री पाठीमागे लपवली.

"डॉक्टर हो म्हणाला?" वेळ मारून नेण्यासाठी बेबाने विचारलं.

"नाही म्हणाला नाही. विचारलंय कोणी?"

मग त्याची नजर मिलाग्रोसच्या पाठीवर गेली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तो हळूहळू चादरींच्या ढिगावर बसला.

"मला वाटलं, तुम्हीच धाडलात," हायदे म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "अहो, तासाभरात उसवून पुन्हा जोडते मी. पण मग ही चौघं..."

"दोन वर्षं वाट बघितली गं मी!" एवारिस्तो कडाडला. "दोन वर्षं! आणि तू तासाभरात कापलास?"

मिलाग्रोसने मान खाली घालून पहिलं बटण काढलं. "घ्या आजोबा." तिने दुसरंही काढलं.

बाहेर कोपऱ्यावर मोठे ढोल वाजू लागले. एवारिस्तोचा पाय आपोआप ठेका धरू लागला. त्याने तो हाताने दाबून धरला, पण पाय काही ऐकेना.

"बटणं लाव," तो पोरीला म्हणाला.

"पण तुम्हाला कोटाशिवाय सोडणार नाहीत," बेबा म्हणाली. "नियम आहे."

"मला नियम शिकवतेस? मीच केलाय तो." गुडघ्यावर हात देऊन तो उठला. "उजवी बाही कुणाकडे गेली?"

लुआनाने घाबरत हात वर केला.

"इकडे ये, माझ्या उजव्या हाताला. डावी? तू होय रे ब्रूनो? ये. छाती कुणाची?"

नावेल छाती फुगवून पुढे झाला. त्याला एवारिस्तोने आपल्या पुढ्यात उभं केलं. मिलाग्रोसला कुणी सांगायच्या आतच ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली होती. हायदे एकदा हसली, एकदा रडली, आणि शेवटी इस्त्री चालूच राहिलीय हे विसरून त्यांच्यामागे रस्त्यावर धावली.

पथकाचा म्होरक्या शिट्टी तोंडात धरून रांग तपासत होता. पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा पाहून त्याने शिट्टी काढली.

"एवारिस्तो! कोट कुठाय?"

"डोळे फुटले का तुझे?" एवारिस्तो म्हणाला. "घातलाय की!"

आणि पाचही जणांनी एकदमच पाय उडवला.