कुत्र्याला घरी नेण्याचा खेळ

“डावीकडे, अगं, डावीकडे! उजवीकडे तळं आहे, बुडवशील त्याला!” घड्याळजी बायकोच्या खांद्यावरून ओरडले.

“मग तुम्हीच न्या घरी. माझे डोळे चुरचुरतात,” असं म्हणत तिने टॅबलेट त्यांच्या हातात दिला आणि शेंगा सोलायला घेतल्या.

टॅबलेट होता एका तळहातावर मावेल एवढा. मुलगा तो घेऊन आला तेव्हा दुकानदाराचं भाषणही पाठ करून आला होता. “दिसतो लहान, पण आत दम आहे. पोरं यावर लढाया खेळतात. तापत नाही, अडखळत नाही. शिवाय बातम्या, फोन, सगळं यावरच.” लढाया मारणाऱ्या त्या यंत्रात डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासणारा एकच खेळ घालून दिला होता. एक केसाळ कुत्रं आणि गल्ल्यांचं जाळं. घरचा रस्ता एकदाच दिसायचा, मग तो पुसला जायचा, आणि कुत्र्याला बोटाने घरी न्यायचं. गुण परस्पर डॉक्टरांकडे जायचे. हे म्हणजे ट्रक भाड्याने घेऊन त्यातून फुलदाणी आणण्यासारखं होतं.

“आई, रोज दुपारी,” मुलाने बजावलं होतं. “एकही दिवस चुकवायचा नाही.”

बिचारी. तिचं काय चाललंय ते घड्याळजींना कधीपासून दिसत होतं, फक्त तोंडावर बोलत नव्हते. परवा दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला. “कोणी ठेवलं होतं?” त्यांनी विचारलं. “मीच,” ती म्हणाली. ते पुढे एक अक्षर बोलले नाहीत. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी साफ करायला खोललं, तर हिने झाडताना त्यातलं कुठलंसं चाक हरवलं. जन्मभर गावाची घड्याळं बसवून दिलेल्या माणसाच्या घरातली वेळ आता बिस्किटाच्या डब्यात पडून होती.

एकटीने राहायला तर तिला भीतीच वाटायची. दाराला पार वरच्या टोकाला नवी कडी बसवून घेतली होती. घड्याळजी न्हाव्याकडे निघाले की हिच्या पायात आधी चपला.

“काकू, तुमचीही करून टाकू का दाढी?” न्हावी विचारायचा.

“आधी आरशात स्वतःची बघ,” असं म्हणून ती बाकावर ठाण मांडून बसायची.

एवढंच असतं तर घड्याळजींनी निभावून नेलं असतं. पण मध्ये एकदा मुलगा बाल्कनीत बहिणीशी फोनवर बोलताना त्यांच्या कानावर पडलं. “गुण असेच घसरत राहिले तर देखभाल केंद्रात ठेवावं लागेल, ताई. नाही गं, दोघांना एकत्र नाही ठेवत तिथे.”

त्याच दिवशी घड्याळजींनी ठरवलं, हिच्या जागी आपण खेळायचं. उभ्या आयुष्यात त्यांनी चांगल्या घड्याळाला बिघडलेलं म्हटलं नव्हतं. पण गिऱ्हाईक वेगळं आणि बायको वेगळी. नवल म्हणजे तिनेही हरकत घेतली नाही. रोज दोन-चार वळणं चुकायची, डोळे चोळायची आणि टॅबलेट पुढे करायची.

आज कुत्रं तळ्यात पडलं. पुन्हा पडलं. मग भलत्याच घराच्या पायरीवर बसून शेपूट हलवू लागलं.

“मुद्दाम केलं,” घड्याळजी म्हणाले. “एकदम भारी गुण दिसले तर डॉक्टरला वास येईल.”

“खरंच की,” ती म्हणाली. “माझ्या नसतं लक्षात आलं.”

“अगं, रडतेस काय? कुत्रं खोटं आहे.”

“शेंगेत कीड निघाली,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

एका सकाळी घड्याळजी आंघोळीला निघाले आणि टॉवेल विसरला म्हणून परत फिरले. बाल्कनीत ती टॅबलेट घेऊन बसली होती. गल्ली, पूल, वळण, घर. पुन्हा गल्ली, वळण, घर. कुत्रं नुसतं धावत होतं. एकदाही चुकलं नाही.

घड्याळजी पडद्याआड उभे राहिले. त्यांना हुंदका आला. सुधारत होती! आपल्याला न सांगता, एकटी, सकाळी उठून शिकत होती. ते खोकून पुढे झाले. तिने टॅबलेट झटकन पदराखाली घेतला.

“काय चाललंय?”

“बातम्या बघत होते.”

आपल्याला चकित करायचं असेल तिला, घड्याळजींनी ताडलं. त्यांनी गंमत मोडली नाही.

महिनाअखेरीला मुलगा दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेला.

“अरे वा,” डॉक्टर म्हणाले. “गुण चांगलेच वाढलेत.”

मुलाचे खांदे सैल झाले. घड्याळजींनी बायकोला हळूच डोळा मारला. ती हसली नाही.

“इतके वाढलेत की मला जरा नवलच वाटतंय,” डॉक्टरांनी टेबलावरचा टॅबलेट उचलला. “एकदा माझ्यासमोर होऊन जाऊ दे.”

बायकोने पदराचं टोक मुठीत धरलं. घड्याळजींनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“भिऊ नकोस,” ते तिच्या कानाशी म्हणाले. “तुला मस्त येतं. रोज सकाळी बाल्कनीत बसून खेळतेस, मी पाहिलंय ना.”

हळू बोलायची सवयच नसल्यामुळे त्यांची कुजबुजही खोलीभर गेली. मुलाने आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.



“काकू, तुम्ही जरा बाहेर बसता?” ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी टॅबलेट घड्याळजींच्या मांडीवर ठेवला. “हं, काका. न्या त्याला घरी.”