कार्डाएवढी फट

“हे गवत कापायचं धूड आजच भंगारात जाईल. मावशी, तुम्हीही घरी बसा,” नवा मॅनेजर म्हणाला. “शंका असल्यास फोन करा,” म्हणत तो करकरीत व्हिजिटिंग कार्ड देऊन आत गेला. वीस वर्षं मैदान राखणाऱ्या मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाह्या सरसावून त्यांनी बंद पडलेलं इंजिन उघडलं, चुंबकावरचा गंज घासून काढला. कॉइल आणि चुंबक यांच्यात कार्डाएवढीच फट असेल तरच ठिणगी पडते, हे वडिलांनी शिकवलेलं. मावशींनी मॅनेजरचं कार्ड मध्ये सरकवलं, स्क्रू आवळले, कार्ड ओढून काढलं आणि दोरीला हिसका दिला. मशीन खोकलं. दुसऱ्या हिसक्याला ऑफिसच्या काचा खडखडल्या. मॅनेजर धावत बाहेर आला. मावशींनी काळंकुट्ट कार्ड त्याच्या हातावर ठेवलं. “जाडी अगदी मापात, साहेब! सरा बाजूला, तुमच्या पायाखालचं गवत राहिलंय.”