शोभेची काठी

सोफ्याच्या मागे झाडू अडला म्हणून ती वाकली आणि हाताला काठी लागली.

ओढून बाहेर काढली, तर काठी कसली, दागिनाच! आबनुसाचा काळाभोर दांडा, मधे जांभळ्या आणि पिवळसर लाकडाच्या बारीक चकत्या, आणि मूठ अशी गुळगुळीत की सोडवेना. असली लाकडं इकडे उगवत नाहीत. असले दूरदेशीचे तुकडे असायचे ते फक्त खाली दुकान असलेल्या कातार्‍याकडे. नवरा रोज संध्याकाळी तिथेच गप्पांना जायचा. लाकूड कातणार्‍या माणसाशी रोज रोज कसल्या गप्पा? कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला कधीपासून वाटत होतं.

"अहो, हे काय आहे?"

नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. पेपर हलला नाही. "शोभेची आहे. दुर्मीळ लाकूड आहे ते."

"शोभेची वस्तू सोफ्यामागे ठेवतात वाटतं?"

तिने काठी उलटी केली. टोकाला रबराची टोपी होती, एका बाजूने पार झिजलेली.

"आणि शोभेच्या काठीचं रबर झिजतं होय हो?"

आता पेपर खाली आला.

"एरवी खाली कातार्‍याकडेच ठेवतो," तो पुटपुटला. "काल गुडघ्याने दगा दिला. काठीशिवाय जिना चढवेना."

ती मटकन सोफ्यावर बसली. तिला काय काय वाटलं होतं! पत्त्यांचा नाद, चोरून सिगरेट. हे नव्हतं वाटलं. एकेकाळी हाच माणूस तिची पिशवीही हातात घेऊन दोन-दोन पायर्‍या गाळत वर यायचा.

दोघांनी लेकीला शब्द दिला होता. दोघांपैकी एकाला जरी आधाराशिवाय चालता येईनासं झालं, तरी हे घर बंद करून तिच्याकडे राहायला जायचं. तेव्हा दोघंही खडखडीत होते, शब्द द्यायला काय जात होतं? लेकीचं घर मोठं, जावई सज्जन, खोलीही तयार. पण तिथे सकाळचा चहासुद्धा विचारून टाकावा लागला असता.

बेल वाजली. लेक जेवायला येणार होती, ती आलीच.

नवरा नुसता बघत राहिला. तिने रबराची टोपी उपटून उशीखाली सरकवली. भिंतीत जुन्या फळीचे खिळे होते, त्यांवर काठी आडवी ठेवली आणि मगच दार उघडलं.

लेकीची नजर थेट भिंतीकडे गेली. "ही काय नवीन?"

"शोभेची. दुर्मीळ लाकूड आहे. तुझ्या बाबांना या वयात हौस!"

"छान आहे गं. पण काठीच का? फुलदाणी नव्हती का मिळाली?"

"आल्या आल्या फौजदारकी नको. हात धू आणि बस."

लेक टेबलापाशी बसली. ताटं वाढली गेली. "बाबा, या ना."

खुर्ची आणि टेबल यांच्यामधे धरायला काहीही नव्हतं. लेक येणार म्हणून सकाळी तिनेच मधलं स्टूल हलवून खोली मोकळी केली होती.

नवर्‍याने पेपरची घडी घातली. खुर्चीचे हात धरले. मग ते सोडून पुन्हा पेपर उघडला.

"अहो, बसा तुम्ही. तुमचं ताट तिकडेच आणते," ती घाईघाईने म्हणाली.

लेकीने हातातला पेला खाली ठेवला.

"का?"

लेक आईकडे बघत होती, आई ताटाकडे.

खुर्ची करकरली. नवरा उठून उभा राहिला होता. हात मोकळे, चेहर्‍यावर हसू.

"आलो, आलो," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.