सर्जेरावांचं मत

"काका, किल्ला जपायला सरकारनं काय करावं?" गडाच्या दरवाज्यात बातमीवाल्या मुलीनं माईक पुढे धरला. सर्जेरावांच्या तोंडात पानाचा तोबरा होता. त्यांनी घाईनं मान वळवून तोंड मोकळं केलं, मिशीला पीळ दिला आणि ते गरजले, "सरकार कशाला? जो गड घाण करेल त्याचा सरळ कडेलोट करा!" भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी त्यांनी अख्खी आळी टीव्हीपुढे बसवली. चॅनेलवाल्यांनी काहीच कापलं नव्हतं. आधी दरवाज्याच्या दगडावर लाल पिचकारी, मग मिशी, मग कडेलोट. टाळ्या फक्त टीव्हीतच वाजल्या.

"मग, कधी निघायचं कडेलोटाला?" बायकोनं विचारलं.

"उजाडल्यावर," सर्जेराव मिशी चाचपत म्हणाले. "बादली आणि घासणी तेवढी दे. आधी दगड घासतो, मग कडा बघू."