तीन हाका

“आवाज तुमचोच होतो, गुरुभावजी,” रुक्मिणी म्हणाली आणि खळ्यात जमलेल्या साऱ्या माना गुरुदासकडे वळल्या.

तिच्या नवऱ्याचं, हरिश्चंद्राचं प्रेत सकाळी विहिरीतून वर काढलं होतं. डोक्याला मागून मार होता. मालवणहून फौजदार आला होता. गुरुदास धावतपळत आला होता तो मित्राच्या बायकोला धीर द्यायला. हे ऐकायला नव्हे.

“नीट सांगा, बाई,” फौजदार म्हणाला.

“रात्री हाक इली. मिया म्हटलंय, उठू नकात. मगे दुसरी इली, तिसरी इली. तीन हाको इल्यो म्हणान हे उठले. एकच इली असती तर दार कोण उघडता?”

फौजदार घाटावरचा. त्याला काही उमगेना. मग कोणीतरी समजावलं, की इथं रात्री पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. भुताला एकच हाक मारता येते. तिसरी हाक आली की समजायचं, बाहेर माणूस आहे.

“पण हे तर माझ्या कादंबरीत आहे!” गुरुदास बोलून गेला.

लेखकाची जीभ ती! मित्र मरून पडला होता, तरी आपली युक्ती ओळखल्यावाचून तिला राहवलं नाही. त्यानं सांगूनही टाकलं, की कादंबरीतला खुनी असाच ओळखीच्या माणसाचा आवाज काढून तीन हाका मारतो आणि माणसाला अंधारात बाहेर बोलावतो.

“कुठल्या कादंबरीत? मी तुमच्या साऱ्या वाचल्यात,” फौजदार म्हणाला.

“ती... अजून छापायची आहे.”

“मग ही युक्ती तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक?”

ठाऊक होती एकालाच, गुरुदासच्या धाकट्या भावाला, बाबलीला. ते प्रकरण लिहून झालं तेव्हा त्यानं बाबलीला पडवीत बसवून हौसेनं वाचून दाखवलं होतं. बाबली दशावतारात कामं करायचा, कोणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. ऐकता ऐकता त्यानं गुरुदासच्याच आवाजात आईला हाक मारली, आणि ती बिचारी चुलीपुढून उठून “काय रे गुरुदासा?” करत बाहेर आली. हसून हसून दोघा भावांची मुरकुंडी वळली होती. आणि माडांच्या बागेच्या हद्दीवरून हरिश्चंद्राशी कोर्टात भांडत होता तोही बाबलीच. त्याच्या हाकेला हरिश्चंद्र दिवसाढवळ्यासुद्धा घराबाहेर आला नसता. गुरुदासच्या हाकेला आला.

बाबली तिथंच होता. विहिरीत उतरून प्रेत त्यानंच वर आणलं होतं, आणि आता आल्यागेल्याला पाणी देत होता.

गुरुदासनं नाव घेतलं नाही. ओठांवर आलेलं गिळून टाकलं. बाप गेल्यावर ज्याला आपण लहानाचा मोठा केला, त्याला आपल्याच तोंडानं फासावर चढवायचं? संताप येत होता, किळस येत होती. पण त्याहूनही मोठी एक वेडी आशा होती. बोलेल. दादावर आळ येतोय म्हटल्यावर पोरगा आपणहून पुढं होईल.

आणि बाबली खरोखरच पुढं झाला. त्यानं कळशी खाली ठेवली, पंच्याला हात पुसले आणि फौजदारासमोर येऊन उभा राहिला. जन्मभर घरीदारी मालवणीत बोललेला माणूस, पण आता अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलला.

“साहेब, छापून येईपर्यंत दादा आपलं लिखाण कोणालाच दाखवत नाही. मलासुद्धा नाही.”

रुक्मिणीनं पदरात तोंड खुपसलं. फौजदार उठला. “चला,” म्हणाला.

बाबलीनं जाऊन गुरुदासच्या वहाणा उचलून आणल्या, वाकून त्याच्या पायांपुढं सरळ मांडल्या.

“जा, दादा,” तो हळूच म्हणाला, आता मालवणीत. “आयेची काळजी करू नको. मी आसय.”