टीव्हीमागचं बटण

१९७४ साली भिंगारमधल्या आमच्या आळीत पहिला टीव्ही राधाकृष्णशेठकडे आला. रविवारच्या सिनेमाला आळी जमली असताना त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, आवाज वाढवायला बटणाला हात लावला. त्यानं सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली.

दोन दिवसांनी शमशेर मेकॅनिक गच्चीवरचा अँटेना नीट करायला आला. त्याला चहा देताना तिनं विचारलं, “शमशेरभाई, हे मागचं बटण कशाचं?”

“चित्र थांबवायचं, वैनी. जरा फिरलं की चित्र वर पळत सुटतं.”

पुढच्या रविवारी चित्र पळत सुटलं. शेठनं पुढची सगळी बटणं पिळली, टीव्हीला चापट्या मारल्या. लोक हसत उठले.

“शेठ, चालवता येत न्हाई तर घेतला कशाला?”

सोमवारी शमशेरनं पाहिलं, तर टीव्ही ठणठणीत. रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी सिनेमाची वेळ झाली, चित्र पळायला लागलं, तसा शेठ चपला घालून बाहेर पडला.

मनकर्णानं आळीतल्या बायकांना बोलावलं. खोली भरली.

“अगं, चित्र तर पळतंय,” छबूबाई म्हणाल्या.

“थांबवते,” असं म्हणून मनकर्णा पदर खोचून टीव्हीच्या मागे गेली.